उबवणीच्या मशीनमध्ये तीन-चार जातीची अंडी एकदम लावता? मग कोणतं पिल्लू कोणाचं हे असं लक्षात ठेवा

दोन वर्षाआधी दिवाळीनंतर लावलेल्या बॅचमध्ये माझी ४१ पिल्लं निघाली अन् त्यातली २३ काळी. आता मशीनमध्ये कडकनाथ पण होते (तुऱ्यापासून कातडीपर्यंत काळी जात) आणि ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प पण होते (पिसं काळी पण तुरा लाल), बाकी गावरान. सकाळी झाकण उघडलं तर सगळा काळा घोळका एका कोपऱ्यात, कोणाचं काय काही पत्ता नाही. माय मागून येऊन पाहते अन् म्हणते, "काऊन रे, तुया मशीनमदून सारे कावळेच निघून राहिले का?" पेन्सिलनं प्रत्येक अंड्यावर नाव लिहिलं होतं बरं का, अगदी मन लावून. पण पिल्लू काही टरफल अंगाला बांधून बाहेर येत नाही न भाऊ. टरफलं एका ढिगात, पिल्लं दुसऱ्या ढिगात, झाली सगळी मेहनत पाण्यात.

त्यातली दहा पिल्लं बाजूच्या गावच्या एका जणाला कडकनाथ म्हणून दिली, मी तरी अंदाजानंच दिली. तीन महिन्यानं तो मोटरसायकलवर पिशवीत दोन कोंबडे घेऊन हजर. "भाऊ, याचा तुरा त लालभडक हाय." काय बोलणार. बदलून दिले, चहा पाजला. तेव्हापासून जे करून राहिलो ते इथं लिहितो, कारण लोक मशीनचं तापमान विचारतात, बल्ब किती वॅटचा विचारतात, पण हिशोब कसा ठेवता हे कोणीच विचारत नाही.

तर मला जे समजलं ते असं की जात मशीनच्या आत हरवतच नाही. ती हरवते हात बदलताना. कोंबडीखालून अंडं उचलताना, अंडं ट्रेमध्ये लावताना आणि पिल्लू टरफलातून बाहेर पडताना, या तीन जागी. तिथं खूण पुढं सरकवली तर बाकी काही अवघड नाही.

पहिली जागा तर मशीनच्या पण आधी, कोंबड्यापाशी. खुराड्यात जाती वेगळ्या केल्या अन् दुसऱ्या दिवसापासून अंडी जमवायला लागले, असं लोक करतात, मीही केलं. पण कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहते. म्हणजे तुमची कडकनाथ कोंबडी आज कडकनाथ कोंबड्यापाशी बंद केली तरी पुढचे काही दिवस ती जे अंडं देईल त्यात मागच्या गावरान कोंबड्याचं पिल्लू असू शकते. म्हणून वेगळं केल्यापासून पूर्ण तीन आठवडे जाऊ द्या, तोपर्यंतची अंडी पोळी-भाजीसोबत खाऊन टाका, अन् मग उबवायला जमवा. आणि जाळी वरून पण बंद पाहिजे. आमच्या शेजारचा कोंबडा पऱ्हाटीच्या (कापसाच्या काड्यांच्या) ढिगावर चढून तिथून कुंपणावर अन् कुंपणावरून सरळ आत, असा रोजचा त्याचा रस्ता होता, मला महिनाभर माहीतच नाही.

कडकनाथच्या बाबतीत तर जास्तच सांभाळावं लागते कारण काळेपणा पाहून शुद्ध-अशुद्ध ठरवता येत नाही. कडकनाथचा कोंबडा गावरान कोंबडीवर गेला तरी पहिल्या पिढीत बरीच पिल्लं काळ्या कातडीची निघतात. लोक जीभ काळी आहे, पाय काळे आहेत म्हणून भाव देतात, आणि तो क्रॉस असतो. म्हणजे जे काही खात्रीनं सांगता येते ते खुराड्यातल्या जाळीवरून, पिल्लाच्या रंगावरून नाही.

अजून एक, वनराजा किंवा गिरिराजा यांची अंडी घरी उबवून परत तसलेच पक्षी मिळतील असं समजू नका. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केलेला, गिरिराजा बंगळुरूचा, आणि हे संकर आहेत, पुढच्या पिढीत वजन-रंग सगळं विस्कटते. पिल्लं निघतील, खायला चांगली पण असतील, फक्त वहीत वनराजा लिहू नका. मी 'वनराजाची पोरं' लिहितो.

आता अंडी उचलणं. आमच्याकडे हे काम बायको अन् पोट्टे करतात, मी वावरात असतो, म्हणून नियम सोपा पाहिजे. नियम असा की अंडं खुराड्यातून बाहेर यायच्या आधी त्यावर अक्षर पडलं पाहिजे. घरात आणून मग लिहू म्हटलं की संपलं. प्रत्येक खुराड्याच्या दाराला सुतळीनं एक पेन्सिल बांधून ठेवली आहे, अन् दारावर खडूनं मोठं अक्षर. पोट्टा जे दारावर दिसते तेच अंड्यावर काढतो, त्याला जात माहीत असायची गरज नाही.

पेन्सिल मऊ घ्या, टोक बोथट करा. मार्कर, स्केचपेन, बॉलपेन नको, अंड्याच्या कवचाला हजारो बारीक भोकं असतात, आतला जीव त्यातूनच श्वास घेते, शाई आत उतरू शकते. आणि अंडी धुवू पण नका, वरचा नैसर्गिक थर निघून जाते. लय घाण असेल तर ते अंडं उबवायलाच घेऊ नका.

अक्षरं ठरवताना माझी फजिती झाली ती सांगतो. मी सुरवातीला 'ग' म्हणजे गावरान ठेवलं, मग गिरिराजा आणला, त्याला पण 'ग'. 'ब' म्हणजे ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प, मग बदकं घेतली. आता क, ऑ, गा, बद असं आहे, आणि ते भिंतीवर लिहून ठेवलं आहे कारण चार महिन्यानं आपल्यालाच आठवत नाही.

कुठं लिहायचं हे पण महत्त्वाचं आहे. पिल्लू अंड्याच्या जाड बाजूनं, जिथं हवेची पोकळी असते तिथून, गोल गोल टोचत कवच कापते आणि टोपी उडवल्यासारखं बाहेर येते. त्यामुळं जाड टोकावर लिहिलेलं अक्षर तुटते. निमुळत्या टोकाच्या अर्ध्या भागात लिहा, तो भाग शेवटपर्यंत शाबूत राहते. एका बाजूला जात अन् तारीख, जसं 'क १२', आणि दुसऱ्या बाजूला नुसती फुली. हातानं फिरवत असाल तर सकाळी सगळ्या फुल्या वर, दुपारी सगळी अक्षरं वर, एका नजरेत कळते कोणतं राहून गेलं. दिवसातून किमान तीन वेळा, पाच वेळा केलं तर अजून चांगलं. आकडा विषम ठेवा म्हणजे लांबलचक रात्र दरवेळी एकाच कुशीवर जात नाही.

जमवलेली अंडी सात दिवसाच्या वर ठेवू नका. थंडीच्या दिवसात काही अडचण नाही, उन्हाळ्यात मात्र आपल्याकडे घरात पण चाळीसच्या आसपास असते, त्या गर्मीत अंडं अर्धवट वाढायला लागते अन् मग मरते. मातीच्या भिंतीच्या खोलीत, पाण्याच्या माठाच्या बाजूला ट्रे ठेवा (माठावर नाही, ओल लागली की बुरशी), निमुळतं टोक खाली. खरं सांगायचं तर एप्रिलच्या मधापासून पहिला पाऊस पडेपर्यंत मी मशीन लावतच नाही. मशीन गरम करू शकते, थंड नाही करू शकत, बाहेर ४५ च्या वर गेलं की थर्माकोलचा डबा म्हणजे भट्टी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, हा आपला सीझन.

आता लावणं. कोंबडीचं अंडं २१ दिवस, म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणून ज्या वारी लावाल त्याच वारी पिल्लू. मी शनिवारी संध्याकाळी लावतो, तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी अठरा दिवस होतात, शनिवारी पिल्लं. हे वाराचं गणित घरात सगळ्यांना पाठ होते, तारीख कोणाला राहत नाही. बदक २८ दिवस म्हणजे चार आठवडे, टर्की पण २८, गिनी कोंबडी २६ ते २८, जपानी बटेर (लावा पक्षी) १७-१८, आणि ते मोठं मस्कोव्ही बदक असते ते ३५ दिवस घेते. सगळे एकाच दिवशी निघावे वाटत असेल तर बदकाची अंडी एका शनिवारी आणि कोंबडीची पुढच्या शनिवारी. म्हणजे उलटं मोजायचं. बटेर माझ्या मते कोंबडीच्या पिल्लासोबत काढूच नये, एवढंसं असते, पायाखाली मरते.

पण दर आठवड्याला थोडी थोडी अंडी त्याच मशीनमध्ये टाकत राहायची जी सवय आहे न लोकांना, ती सोडा. कारण पहिले अठरा दिवस ओलावा ५०-५५ टक्के लागते अन् शेवटचे तीन दिवस ६५-७० लागते, फिरवणं पण बंद करावं लागते. एकाच डब्यात दोन वयाची अंडी असली तर कोणाचं तरी नुकसान होतेच. त्यापेक्षा एक दुसरा साधा थर्माकोलचा डबा करा, दोन बल्ब, एक थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी, फिरवायची सोय नको. अठराव्या दिवशी अंडी त्यात. याला हॅचर म्हणा, आम्ही 'बाळंतिणीची खोली' म्हणतो. हिशोबालाही हेच बरं, मोठ्या मशीनमध्ये फक्त अंडी, छोट्यात फक्त निघणारी.

तापमान पंखा असलेल्या मशीनला ३७.५ ते ३७.८, हे सगळ्यांना माहीत आहे. बिनपंख्याच्या डब्यात वर गरम खाली थंड असते, तिथं अंड्याच्या वरच्या पातळीला साडेअडतीसच्या थोडं वर ठेवतात. माहीत नसते ते हे की एका जातीची सगळी अंडी एकाच कोपऱ्यात लावली तर तुम्ही जात नाही, कोपरा मोजत असता. मी एकदा सगळे कडकनाथ बल्बाकडच्या बाजूला लावले, निकाल खराब आला, अन् वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो की कडकनाथचं अंडं नाजूक असते. पुढच्या वेळी जागा बदलली तर गावरान खराब. म्हणून जाती ट्रेमध्ये सगळीकडे पसरा, अंड्यावर अक्षर आहे न मग मिसळायची भीती कशाला. अन् दर आठवड्याला ट्रेची जागा बदला.

लाईन गेली तर झाकण उघडून पाहत बसू नका, वरून गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. लाईन किती ते किती गेली हे वहीत लिहा. याचा उपयोग पुढं सांगतो.

सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडी पाहायची. लाल जाळं अन् मधात ठिपका दिसला म्हणजे जिवंत. एकदम साफ दिसलं म्हणजे बीज धरलंच नाही. लाल गोल कडं दिसलं म्हणजे सुरू होऊन मेलं. तपकिरी कवचाचं अंडं, जसं आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जात) किंवा ऑस्ट्रेलॉर्पचं, सातव्या दिवशी नीट दिसत नाही, त्याला दहाव्या दिवसापर्यंत वेळ द्या, घाईत फेकू नका. चौदाव्या दिवशी परत एकदा. बाद अंडं फेकायच्या आधी त्यावरचं अक्षर वाचा, वहीत टिंब मारा, मग फेका. एवढंच. पण हे एवढंच कोणी करत नाही.

वही म्हणजे पोट्ट्याची जुनी शंभरपानी. माझ्या मागच्या बॅचचं पान वाचून दाखवतो. कडकनाथ २४ लावली, सातव्या दिवशी ९ साफ, राहिली १५, निघाली ११. गावरान २० लावली, २ साफ, राहिली १८, निघाली १५. आता नुसती पिल्लं मोजली तर २४ मधून ११ म्हणजे वाटते मशीन बिघडलं. पण बीज धरलेल्या १५ मधून ११ म्हणजे ७३ टक्के, गावरानचे १८ मधून १५ म्हणजे ८३. फार फरक नाही. गडबड त्या ९ साफ अंड्यात आहे, आणि ती मशीनची नाही, कोंबड्याची आहे. एक म्हातारा कोंबडा १४ कोंबड्यांना पुरणार कसा, आठ-दहाला एक पाहिजे. कोंबडा बदलला. याच्या उलट सगळ्या जातीची अंडी एकाच वयात मेलेली दिसली तर मग जातीचा काही संबंध नाही, वहीत पाहा, त्या दिवशी लाईन गेली असेल नाही तर थर्मोस्टॅटचा सेन्सर सरकला असेल. जातीनिहाय हिशोब ठेवायचा खरा फायदा हाच आहे, विकायला नाव सांगता येते हा दुसरा.

आता अठरावा दिवस, अन् इथंच माझे कावळे झाले होते.

आठवडी बाजारात भोकं भोकं असलेल्या प्लास्टिकच्या छोट्या टोपल्या मिळतात, झाकणवाल्या घ्या. झाकण नसेल तर त्याच मापाची दुसरी टोपली उलटी ठेवून सुतळीनं बांधा. एका जातीला एक टोपली. तळाला जुनं सुती कापड किंवा गोणपाटाचा तुकडा, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर पिल्लाचे पाय फाकतात अन् ते मग जन्मभर तसंच राहू शकते. कांद्याची जाळीदार पिशवी वापरून पाहिली, नको, पाय अडकतात. टोपलीची उंची पिल्लाला उभं राहता येईल एवढी तरी पाहिजे, आणि पंख्यासमोर टोपल्यांची भिंत करू नका, हवा फिरली पाहिजे.

चिठ्ठी झाकणाला लावू नका. हे मी मोठ्यानं सांगून राहिलो. दोन टोपल्या उघडल्या की झाकणं अदलाबदल होतात, आणि तेही रात्री दोन वाजता, झोपेत. चिठ्ठी टोपलीच्या अंगाला, अन् कागदाची नाही, तो ओलाव्यात लगदा होते. मी रंगीत वायरचा तुकडा बांधतो, क ला निळा, ऑ ला पिवळा, गा ला हिरवा. पुढं पायातली रिंग पण त्याच रंगाची. म्हणजे अंडं ते कोंबडी एकच रंग चालत जाते.

टोपलीत ठेवताना अंडी मोजा, वहीत लिहा. निघाल्यावर पिल्लं अधिक न फुटलेली अंडी मिळून तोच आकडा आला पाहिजे. नाही आला तर कोणीतरी उडी मारून शेजारच्या घरी गेलं आहे.

पिल्लं निघायला लागली की हात खाजवतात, सारखं उघडून पाहावं वाटते. नका उघडू. आतला ओलावा निघून जाते अन् अर्धं फुटलेलं पिल्लू पडद्यात चिकटते. पोटात पिवळा बलक असल्यानं पिल्लू एक-दोन दिवस दाणापाण्याशिवाय आरामात राहते. छोट्या अंड्यातली अन् हलक्या जातीची पिल्लं थोडी आधी निघतात, जास्त दिवस साठवलेली अंडी थोडी उशिरा, त्यात घाबरायसारखं काही नाही.

सुकली, फुलली की एकावेळी एकच टोपली बाहेर काढा. ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, पाहुणे आले तरी नाही. बाहेर काढलं, मोजलं, खूण केली, ब्रूडरमध्ये (पिल्लांच्या उबेच्या पेटीत) सोडलं, वहीत लिहिलं, मग दुसरी.

खूण कशाची? पहिल्या दिवशी मी पिल्लाच्या पायाच्या नखाला नेलपॉलिश लावतो. बायकोची होती, आता माझी स्वतःची आहे, दुकानदार पण हसते. एक-दोन आठवडे टिकते. लाल रंग सोडून कोणताही घ्या, लाल दिसलं की बाकी पिल्लं टोचत बसतात. डोक्यावर खायचा रंग लावला तरी चालते पण पिसं येतात तसा तो जाते. रिंग म्हणाल तर बारीक केबल टाय चालते, फक्त आत आगकाडी सहज फिरेल एवढी ढिली, आणि दर आठवड्याला पाहायची. पाय जाड होते अन् टाय तेवढाच राहते, मांसात रुतली की पिल्लू लंगडते, हे माझ्या हातून एकदा झालं आहे. सहा-सात दिवसाचं असताना लासोटाचा (मानमोडी रोगाच्या लसीचा) थेंब डोळ्यात टाकायला प्रत्येक पिल्लू हातात घेताच, तेव्हाच पाय पाहून घ्या. दोन आठवड्यानं मोठी, मग महिना-दीड महिन्यानं कायमची प्लास्टिकची रिंग.

ज्यांना पुसलीच जाणार नाही अशी खूण पाहिजे ते पायाच्या बोटामधल्या पातळ पडद्याला पंचनं बारीक भोक पाडतात. दोन्ही पायाचे मिळून चार पडदे, त्यात कुठं पाडलं कुठं नाही यावरून १६ वेगवेगळ्या खुणा होतात. पहिल्या दिवशीच करावं लागते, पंच स्वच्छ पाहिजे, अन् कापलेला तुकडा पूर्ण निघाला पाहिजे नाही तर भोक भरून येते. मी आधी एका जाणकाराकडून हातानं शिकलो, व्हिडिओ पाहून करू नका.

तरी पण एखादं पिल्लू टोपलीबाहेर सापडतेच. ऑस्ट्रेलॉर्पचं पिल्लू काळं असलं तरी पोटाला पिवळट-पांढरं असते, पायाचा तळवा पांढुरका असते, कडकनाथची जीभ पण गडद असते, एवढं पाहून बराच अंदाज येते. पण अंदाज तो अंदाज. माझ्या वहीत त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे, 'बेवारस'. त्यांना पांढरी रिंग. वाटलं तरी त्यांना कोणत्या जातीत ढकलायचं नाही, उबवणीसाठी पाळायचं नाही. मोठे झाले की बाजारात गावरानच्या पण नाही, 'मिक्स' म्हणून सांगून विकायचे, नाही तर पोळ्याच्या पाडव्याला घरीच. मागच्या बॅचमध्ये दोन होते, एक बोक्यानं नेलं अन् दुसरं आता अंडी देऊन राहिलं. माय त्याला कावळीच म्हणते.